सिंदखेड राजा पाहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंदखेड राजा नेमकं कुठे आहे? विदर्भात की मराठवाड्यात?

विदर्भात. बुलढाणा जिल्ह्यातला हा तालुका पश्चिम वऱ्हाडाच्या अगदी टोकाला आहे, आणि पुढे थोड्याच अंतरावर जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा लागतो. बुलढाण्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. सिंदखेड घाटावर येतं. सीमेवर असल्यामुळे इथल्या बोलीत वऱ्हाडीही ऐकू येते आणि मराठवाडीही. बाजाराला, दवाखान्याला लोक सर्रास जालन्याला जातात, कारण जिल्ह्याचं ठिकाण लांब पडतं.

यायचं कसं?

रेल्वेने येत असाल तर जालना स्टेशनवर उतरा. तिथून एसटीने किंवा खासगी गाडीने तासाभरात सिंदखेडला पोचता. मेहकरकडून येणारा रस्ताही याच गावातून जालन्याकडे जातो, त्यामुळे त्या बाजूनेही एसटी मिळते. बुलढाण्याहून यायचं असेल तर चिखली, देऊळगाव राजा मार्गे या आणि हातात दोन-अडीच तास ठेवा.

समृद्धी महामार्गाला सिंदखेड राजाचा इंटरचेंज आहे, म्हणून नागपूर, शिर्डी किंवा मुंबईकडून येणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. मात्र समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. मोटरसायकलवर येणाऱ्यांनी जुन्या रस्त्यानेच यावं.

जुन्या रस्त्याने येण्यात एक फायदा आहे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांत रस्त्याच्या कडेला पांढऱ्या शेडनेटच्या रांगा दिसतात. भाजीपाल्याचं बियाणं इथे शेतकरी कुटुंबं हातानं परागीभवन करून तयार करतात. सोयाबीन-कपाशीच्या कोरडवाहू मुलखात या शेडनेटांनी अनेक घरं सावरली आहेत. मुलं सोबत असतील तर एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाच मिनिटं थांबा. एकेका फुलावर हात फिरवणाऱ्या बायांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे.

राजवाडा म्हणजे नुसतं जिजाऊंचं माहेरघर होतं का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. हा वाडा जाधवरावांचं घर तर होताच, शिवाय सिंदखेडच्या देशमुखीचं ठाणं होता. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य वतनदार. महसूल गोळा करणं, गावांच्या पाटलांशी व्यवहार ठेवणं, तंटे ऐकणं, शिबंदी म्हणजे पगारी शिपाई बाळगणं ही त्याची कामं. आज तहसील कचेरी, पोलीस ठाणं आणि नगर परिषद ज्या कामांसाठी वेगवेगळ्या इमारतींत बसतात, त्यातली बरीच कामं तेव्हा अशाच एका वाड्याच्या सदरेवर चालत. म्हणून या वाड्याकडे त्या काळची कचेरी म्हणूनही पाहा. परगण्यातला रयतेचा माणूस आपली फिर्याद घेऊन ज्या दारात उभा राहायचा, त्याच दारात तुम्ही उभे असता.

राजवाड्यात पाहायचं काय?

आधी बाहेरच थांबा. महाद्वारासमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन मान वर करून पाहिल्याशिवाय त्याची उंची लक्षात येत नाही. खालचा भाग काळ्या दगडाचा, वर चपट्या, पातळ विटांचं चुन्यातलं काम. दगड आणि वीट जिथे मिळतात ती रेघ नीट बघा. ओझं पेलायला खाली घडीव दगड आणि वर वजन हलकं ठेवायला वीट, हा गवंड्याचा हिशोब तिथे उघडा दिसतो. सकाळचं तिरपं ऊन पडलं की विटांच्या ओळी एकेक करून वेगळ्या दिसतात. फोटो काढायचा तर तो याच वेळी.

आत शिरल्यावर जोती, भिंती, कमानी आणि खाली उतरणारी तळघरं आहेत. वरचे मजले आणि लाकूडकाम काळाच्या ओघात गेलं. त्यामुळे सजवलेल्या महालाची अपेक्षा ठेवून आलात तर दहा मिनिटांत बाहेर पडाल. जोत्यांवरून फिरा, कुठली खोली मोठी आहे, कुठली अरुंद, दार कुठल्या दिशेला आहे ते पाहा. मग वाडा हळूहळू समजू लागतो. तळघरात दुपारच्या वेळीही गारवा असतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात माणसं कशी राहत असतील, याचं उत्तर तिथे आपोआप मिळतं.

जिजाऊंचा जन्म कुठल्या खोलीत झाला, ते दाखवतात का?

हो. वाड्यातल्या ज्या जागेला जन्मस्थान मानलं जातं तिला म्हाळसा महाल म्हणतात. जिजाऊंच्या आईचं नाव म्हाळसाबाई. तिथे जिजाऊ आणि बाल शिवाजींची मूर्ती आहे. जन्म 12 जानेवारी 1598 चा, तिथीने पौष पौर्णिमा, शके 1519.

इथे येणारी माणसं पर्यटक म्हणून आलेली असली तरी या जागेपाशी त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. बायका ओटी भरतात, हळदकुंकू वाहतात, कडेवरच्या लेकीला पुढे करून डोकं टेकवायला लावतात. पायातल्या चपला आधीच बाहेर काढून ठेवा. कुणी समोरून ‘जय जिजाऊ’ म्हणालं तर तुम्हीही ‘जय जिजाऊ’ म्हणा. या गावात नमस्काराची तीच पद्धत आहे.

जिजाऊंची समाधीही इथेच आहे का?

नाही. ती रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला आहे. शिवराज्याभिषेक 6 जून 1674 चा, आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जूनला माँसाहेब गेल्या. सिंदखेडला जी भव्य समाधी दिसते ती त्यांच्या वडिलांची, लखुजीराव जाधवांची.

लखुजीराव कोण होते?

देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणाऱ्या जाधव घराण्यातले, निजामशाहीतले बडे सरदार आणि सिंदखेडचे देशमुख. 1621 च्या सुमारास ते मुघलांकडे गेले. तेव्हा त्यांना आणि त्यांच्या घरातल्यांना मिळून 24,000 ची मनसब, म्हणजे मुघल दरबारातला हुद्दा, आणि 15,000 घोडेस्वारांचा मान मिळाला. दख्खनेत त्यांचं वजन केवढं होतं हे यावरून कळतं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत लखुजीराव मुघलांच्या बाजूला होते आणि जावई शहाजीराजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबरच्या बाजूला. पुढे लखुजीराव पुन्हा निजामशाहीकडे आले.

जाधव आणि भोसले या दोन घराण्यांत तेढ कशी आली, हेही लोक विचारतात. 1623 मध्ये निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. त्या गोंधळाचं रूपांतर तलवारबाजीत झालं. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी मारले गेले आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजीही. जिजाऊंच्या माहेरचा एक आणि सासरचा एक, असे दोन तरुण एकाच दिवशी गेले. वाड्यातून समाधीकडे चालत जाताना ही हकीकत मुलांना सांगा. इतिहास म्हणजे केवळ सनावळ्या नाहीत, हे त्यांना त्या दोन नावांवरून कळेल.

लखुजीरावांची समाधी पाहायलाच हवी का? लांब आहे का?

लांब नाही, गावातच आहे. आणि माझं ठाम मत असं की राजवाडा पाहून समाधी न पाहता परतणाऱ्याने सिंदखेड अर्धंच पाहिलं. दुर्दैवाने बहुतेक गाड्या वाड्यासमोर थांबतात, फोटो काढतात आणि लोणारच्या रस्त्याला लागतात.

25 जुलै 1629 ला लखुजीराव देवगिरीच्या किल्ल्यावर मूर्तझा निजामशाहाच्या दरबारात गेले होते. तिथे त्यांची आणि त्यांच्यासोबत अचलोजी, रघुजी या मुलांची व नातू यशवंतरावांची दगाबाजीने हत्या झाली. एका दिवसात घरातली तीन पिढ्यांची माणसं गेली. त्यानंतर सात महिनेही पूर्ण झाले नव्हते तेव्हा, 19 फेब्रुवारी 1630 ला, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे माहेरावर हा घाला पडला तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. पुढे त्यांनी मुलाला परक्या दरबाराची चाकरी न करता स्वतःचं राज्य उभं करण्याची शिकवण दिली, तिची एक मुळी या समाधीशी जुळते असं मला मनापासून वाटतं.

समाधीची इमारत घुमटांची, भक्कम दगडी, आणि आत शिरताच एकदम शांत. हिंदू राजघराण्यांच्या समाध्यांमध्ये इतकी मोठी वास्तू क्वचितच दिसते. ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. म्हणून तिथल्या भिंतींवर चढणं, नावं कोरणं हा कायद्याने गुन्हा आहे. नारळ फोडून खोबरं-शेंड्या तिथेच टाकून जाऊ नका.

2024 मध्ये तिथे काहीतरी सापडलं होतं, ते काय?

समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याच्या लोकांना माती-मलब्याखाली दगडांची रचना दिसली. खणत गेल्यावर एका जुन्या शिवमंदिराचा पाया उघडा झाला. जून 2024 मध्ये आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. लांबी साधारण 1.7 मीटर, उंची एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चुरते आहे आणि खालच्या पट्टीत समुद्रमंथनाचा देखावा.

अभ्यासकांना नवल वाटलं ते दगडाचं. आपल्याकडची जुनी देवळं आणि मूर्ती बहुतेक काळ्या बेसाल्टच्या असतात. ही मूर्ती क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ दगडाची आहे. दक्षिणेत होयसळ शिल्पींनी बारीक नक्षीसाठी जो वापरला, त्या जातीचा हा दगड. म्हणजे लखुजीरावांच्या कितीतरी आधी, यादवांच्या काळातही, सिंदखेड भरभराटीचं गाव असणार आणि दूरचे कारागीर किंवा निदान दूरचा दगड इथवर येत असणार. गाव किती थरांचं आहे, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

रंगमहालातली रंगपंचमीची गोष्ट खरी का?

बखरींमधली गोष्ट अशी. रंगाच्या सणाला मालोजीराजे लहानग्या शहाजीराजांना घेऊन लखुजीरावांकडे आले होते. शहाजी आणि जिजाऊ ही मुलं एकमेकांवर रंग उडवत होती. लखुजीराव कौतुकाने म्हणाले, जोडा छान शोभतो. मालोजीराजांनी लगेच सभेला साक्ष ठेवून सोयरीक जुळल्याचं जाहीर केलं. ज्या इमारतीत हे घडलं असं मानतात तो रंगमहाल गावात दाखवतात.

बखरी बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या, त्यामुळे गोष्ट शब्दशः घेऊ नये. लग्न झालं हे तर पक्कंच. ही गोष्ट गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐका. सांगताना ‘आमच्या जिजाऊ’ म्हणतात, जणू शेजारच्या घरातली लेक सासरी गेली आहे.

तलावांबद्दल फार ऐकलं. त्यात एवढं काय आहे?

सिंदखेडमध्ये सगळ्यात हुशारीचं काम कुठलं असं मला विचाराल तर मी तलावांकडे बोट दाखवेन. हा सगळा मुलूख कमी आणि बेभरवशाच्या पावसाचा. खाली काळा बेसाल्ट, त्यात पाणी मुरायला फटी कमी. अशा जागी राजधानीसारखं गाव, घोडदळ, हत्ती, बाजारपेठ पोसायची तर चार महिन्यांचं पाणी बारा महिने पुरवावं लागतं. जाधवरावांच्या काळात त्यासाठी जी व्यवस्था उभी राहिली ती आजही पाहता येते.

मोती तलावाचा बांध आधी पाहा. समोरची भिंत एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी बांधली आहे. तिचा ताठ पसारा पाहून पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हा गडच आहे, आणि वर चढल्यावर पलीकडे पाणी दिसतं तेव्हा तो चकित होतो. असा बांध पाणी अडवतो, आणि अडलेलं पाणी जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरी आणि बारवांना, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींना, पाझर देतं. वरचा तलाव आटत आला तरी खालची विहीर जिवंत राहते. जलसंधारणाच्या योजनांत आपण हेच तत्त्व नव्याने शिकतो आहोत. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बांधावर उभं राहून पाण्याच्या रेषेकडे पाहा.

चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. तलाव भरला की खालचा मजला पाण्यात जातो आणि वरचे मजले पाण्यातून उगवल्यासारखे दिसतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की इमारतीची खालची बांधणी उघडी पडते. दोन्ही वेळी पाहण्यासारखी आहे, पण पाणी कमी दिसतं म्हणून चिखलातून तिच्याकडे चालत जायचा मोह करू नका. गाळ खोल असतो.

पुतळा बारव तर आवर्जून शोधून काढा. पायऱ्यांची विहीर, आणि तिच्या भिंतींवर कोरलेल्या मूर्ती, त्यावरूनच नाव पडलं. रोज घागरी घेऊन येणाऱ्या बायांच्या नजरेला पडावं म्हणून एवढं नाजूक काम केलं गेलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. पायऱ्यांवर शेवाळ असतं. कडेकडेने, भिंतीला हात लावत उतरा. पाण्यात प्लास्टिकची बाटली तरंगताना दिसली तर शक्य असल्यास उचलून वर आणा.

काळाकोट, नीळकंठेश्वर वगैरे?

काळाकोट हा काळ्या दगडाच्या जाडजूड भिंतींचा कोट. बांधकामाची ताकद पाहायची असेल त्याने जरूर जावं. नीळकंठेश्वराचं मंदिर प्राचीन, हेमाडपंती धाटणीचं, आजही पूजेत आहे. समोरची बारवही पाहा. रामेश्वर मंदिर त्याहून लहान, पण जुनं. सोमवारी आणि श्रावणात नीळकंठेश्वराला गर्दी असते.

सगळं पाहायला किती वेळ लागतो आणि कुठल्या क्रमाने पाहावं?

घाईत असाल तर अर्धा दिवस, नीट पाहायचं तर पूर्ण दिवस. सकाळी आठच्या आत राजवाडा, तिथून पायी रंगमहाल आणि समाधी. ऊन चढायच्या आत पुतळा बारव. जेवून, थोडं टेकून, चारनंतर तलाव. मावळतीच्या वेळी मोती तलावाच्या बांधावर असाल असा बेत करा. गावातली ठिकाणं पायी होतात, तलावांसाठी गाडी किंवा रिक्षा घ्या. रस्ता चुकलात तर कुणालाही विचारा. ‘भाऊ, चांदणी तलाव कोणीकडे?’ एवढं म्हटलं की बहुतेक वेळा माणूस स्वतःच दोन पावलं सोबत येतो.

12 जानेवारीला यावं का?

जिजाऊ जन्मोत्सव हा या गावचा सगळ्यात मोठा दिवस. राज्यभरातून माणसं येतात. पहाटे राजवाड्यात महापूजा होते, लखुजीरावांच्या वंशातली मंडळीही असतात. नंतर महामार्गावरच्या जिजाऊ सृष्टीवर मराठा सेवा संघाचा मोठा कार्यक्रम असतो. नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या मुली आणि बाया जथ्थ्याने चालतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन जातात. जत्रेत खेळण्यांपेक्षा पुस्तकं जास्त खपावीत, हे दृश्य महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसतं.

उत्सव अनुभवायचा असेल तर जरूर या. मात्र वास्तू शांतपणे पाहायच्या असतील तर त्या दिवशी येऊ नका, आठवडाभर आधी किंवा नंतर या. उत्सवाला येणाऱ्यांनी गाडी गावाबाहेर लावावी, पाण्याची बाटली सोबत ठेवावी, लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. पहाटे थंडी चांगलीच असते, स्वेटर विसरू नका.

कुठला ऋतू चांगला?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाणी आणि हिरवळ हवी असेल तर सप्टेंबर. एप्रिल-मे टाळा. पारा 42 च्या आसपास जातो, दगड तापतात आणि दुपारी बाहेर पडणं लहान-मोठ्या कुणालाच झेपत नाही.

खायला काय मिळतं?

रस्त्यालगतच्या हॉटेलांत पोहे, भजी, वडापाव, मिसळ सकाळपासून मिळते. जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, शेवभाजी मागा. शेवभाजी झणझणीत असते, तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. घाटावरच्या गावांत कुणाकडे रोडग्याचं जेवण असेल आणि बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार, एवढ्या साहित्यात शेतात पंगत बसते. हॉटेलच्या ताटात ती चव येत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर सीताफळं आणि पेरू घेऊन बसलेल्या बाया भेटतील. त्यांच्याशी भाव करत बसू नका.

मुक्काम करावा का?

एका रात्रीची गरज असेल तर गावात साधी लॉज मिळते. कुटुंबासह येणाऱ्यांना जालन्यात राहणं सोयीचं पडतं, तिथे सगळ्या प्रकारची हॉटेलं आहेत. दुसऱ्या दिवशी लोणार करायचं असेल तर लोणारला मुक्काम करा, म्हणजे पहाटे सरोवराच्या काठावर असाल. 12 जानेवारीच्या आसपास मात्र जालन्यातसुद्धा आधी बुकिंग करून निघा.

लोणार जोडून करता येईल का?

येईल, आणि बहुतेक लोक तसंच करतात. दुसरबीड, बिबी मार्गे गेलं की साधारण तास-सव्वा तासात लोणार. बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे. पूर्वी त्याचं वय 50 हजार वर्षं मानत, नंतर आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं होतं, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं तपासणीत निघालं. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली.

गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. बाहेरच्या भिंतीवरचं शिल्पकाम जवळून पाहायला किमान तास हवा. सरोवराच्या काठी उतरायचं तर सकाळीच उतरा, पायात बूट असू द्या आणि अंधार पडायच्या आत वर या. ते अभयारण्य आहे, पाण्यात उतरू नये आणि खाण्याच्या पुड्या तिथे फेकू नयेत, माकडं लगेच मागे लागतात.

पण सिंदखेड आणि लोणार एकाच दिवसात उरकू नका. दोन्ही ठिकाणांवर अन्याय होतो.

आसपास आणखी काय आहे?

देऊळगाव राजाला बालाजीचं प्रसिद्ध देवस्थान आहे, जाधव घराण्याशीच जोडलेलं. आश्विनातल्या यात्रेत मंडपासाठी उभ्या करतात त्या उंच लाकडी लाठा पाहायला गर्दी लोटते. दोरांनी लाठा उभ्या करताना शेकडो हात लागतात, आणि लाठ सरळ झाली की होणारा जयघोष लांबपर्यंत ऐकू येतो. त्याच तालुक्यात मेहुणाराजा आहे, संत चोखोबांचं जन्मगाव म्हणून वारकरी तिथे येतात. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयालाही संत चोखासागर असंच नाव दिलं आहे. इतकं मोठं संताचं गाव असून फार थोड्या गाड्या तिकडे वळतात, याची खंत वाटते. तुम्ही वळा.

सिंदखेड तालुक्यातलंच साखरखेर्डा इतिहासाच्या जाणकारांसाठी. ऑक्टोबर 1724 मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा मुघल सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. निजाम जिंकला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया इथे घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाचं नाव त्याने फत्तेखेर्डा ठेवलं, लोकांनी मात्र जुनंच चालू ठेवलं. पलसिद्धांचा मठ आणि प्रल्हाद महाराजांचं स्थान यांमुळे भाविकही तिथे येतात. 1757 मध्ये खुद्द सिंदखेडला रामचंद्र जाधवांभोवती मराठ्यांचा वेढा पडला, निजामाची फौज त्यांच्या मदतीला आली आणि विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या बाजूने निकाल लागला. निजामाला 25 लाखांचा मुलूख सोडावा लागला.

मेहकरचा शारंगधर बालाजी हेही एक नाव लक्षात ठेवा. 1888 मध्ये जमिनीखाली सापडलेली ही काळ्या पाषाणातली उंच मूर्ती नागपूरच्या दिशेने परतताना वाटेतच आहे.

आजी-आजोबांना किंवा लहान मुलांना घेऊन यावं का?

राजवाड्याचं आवार आणि समाधी ज्येष्ठांना जमते. बारव आणि तलावाचा बांध टाळावा किंवा वरूनच पाहावा. कठडे सगळीकडे नाहीत, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका.

शाळेची सहल आणायची आहे, काही सूचना?

मुलांना आधी वर्गात जाधव-भोसले नातेसंबंधांचा वंशवृक्ष काढायला लावा. वाड्यात पाचवी-सहावीच्या मुलांना प्रत्येकी एक खोली किंवा कमान वाटून द्या आणि तिचं चित्र काढायला सांगा. नुसती रांगेने फिरवलेली मुलं परत गेल्यावर फक्त आइस्क्रीमची गाडी आठवतात, चित्र काढलेली मुलं वाडा आठवतात. तलावावर नेताना प्रत्येक गटामागे एक शिक्षक हवाच. लोणारही सहलीत घालायचं असेल तर दुसरा दिवस ठेवा. मुलींच्या शाळेची सहल असेल तर म्हाळसा महालात थोडा जास्त वेळ द्या.

फोटो, व्हिडिओ, ड्रोन?

मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते. संरक्षित वास्तूंवर ड्रोन उडवायला आणि लग्नाआधीच्या शूटिंगसारख्या कामांना परवानगी लागते. जन्मस्थानी पूजा चालू असताना मध्ये उभं राहून रील बनवू नये.

गाडी नाही. एसटीने एका दिवसात सिंदखेड होईल का?

होईल. जालन्याहून सकाळची पहिली गाडी पकडा आणि दुपारपर्यंत गावातली ठिकाणं पायी पाहा. जेवणानंतर रिक्षा ठरवून दोन्ही तलाव करा. रिक्षावाल्या दादांना जायचं-यायचं आणि थांबायचं भाडं आधीच ठरवून सांगा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच बसस्थानकावर विचारून ठेवा, संध्याकाळनंतर गाड्या कमी होतात.